जुन्या लष्करी रायफलीवरचा नंबर: वाचायचा कसा, माग काढायचा कसा

नुसता नंबर पुढे करून "ही रायफल कधीची आणि कुठली?" असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच असतं: एवढ्यावरून सांगता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन माउझर कराबिनर ९८-के घ्या. प्रत्येक कारखाना दर वर्षी १ पासून मोजायला सुरुवात करायचा. दहा हजार झाल्या की नंबराला 'ए' हे अक्षर जोडून पुन्हा १ पासून, मग 'बी', मग 'सी'. कारखाने बरेच, वर्षं दहाएक, अक्षरं वीसच्या वर. म्हणजे '४५६७' हाच नंबर शेकडो रायफलींवर असू शकतो आणि त्यातली प्रत्येक अस्सल असू शकते. नंबर, त्याच्यासोबतचं अक्षर, कारखान्याची खूण आणि साल ही चौकडी जमली, तरच समोरची रायफल नेमकी कोणती ते ठरतं.

ही चौकडी कशी जमवायची, ते पायरीपायरीने सांगतो. रायफल वारशाने आलेली असो, परवान्यावर घेतलेली असो किंवा लहानशा संग्रहालयात बिननोंदीची पडून असो, कामाचा क्रम तोच. नवखे लोक आधी इंटरनेटवर नंबर शोधतात आणि मग रायफलीकडे नीट बघतात. तुम्ही आधी रायफल बघा.

आधी रिकामी करा, मग बघा

बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा, पूर्ण मागे ओढा. मॅगझीन रिकामं आहे का ते तपासा. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही खात्री करा. ग्रीसने माखलेलं जुनं काडतूस अंधारात दिसत नाही. बोल्ट गंजून अडकला असेल तर ठोकाठोकी नको. रायफल परवानाधारक बंदूक कारागिराकडे न्या.

दुसरी गोष्ट कायद्याची. रायफल ठेवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि ते तुमचे तुम्ही आधी बघून घ्यायचे. पण नंबर पुसणं किंवा बदलणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. नंबराच्या जागी कानशीचे ताजे ओरखडे दिसले, धातू तिथेच खोलगट झालेला दिसला, तर आम्ल लावून आकडे उठवायला जाऊ नका. ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काम आहे. तुमच्या हातून उरलासुरला पुरावाही जाईल. अशा वेळी पोलिसांना कळवायचं.

स्वच्छता आणि वाचन

लष्करी गोदामातून आलेल्या रायफलीवर कॉस्मोलिन नावाचं घट्ट तपकिरी ग्रीस असतं आणि ते आकड्यांच्या खाचांत दगडासारखं बसलेलं असतं. मऊ फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन ते सावकाश विरघळवा. लाकडाला लागू देऊ नका. खाचेतला मळ काढायला लाकडी टूथपिक पुरते. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंज काढायचं आम्ल यांना शपथेवर दूर ठेवा.

यामागे कारण आहे. पोलादावर ठसा मारला की धातू दबतो आणि आकड्याच्या कडेला किंचित वर उठतो. ती उठलेली धार हा महत्त्वाचा पुरावा असतो. धार शाबूत असेल तर शिक्क्यानंतर तो पृष्ठभाग घासला गेलेला नाही. धार गुळगुळीत झाली असेल तर कुणीतरी पॉलिश करून पुन्हा काळा रंग चढवला असण्याची शक्यता आहे. आपणच घासून चकचकीत केलं, तर हा फरक कायमचा गेला.

वाचताना उजेड समोरून मारू नका. खोली अंधारी करून टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा आणि हळूहळू फिरवा. सावल्यांमुळे पुसट आकडे उभे राहतात. एका बाजूने ३ वाटणारा आकडा दुसऱ्या बाजूने ८ निघतो, म्हणून चारही बाजूंनी फोटो घ्या. तरीही दिसत नसेल तर खाचेत खडूची भुकटी भरून वरचा भाग हलक्या हाताने पुसा, किंवा पातळ कागद ठेवून मऊ शिशाची पेन्सिल आडवी फिरवा. लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो, तसंच. हा कागदी छाप जपून ठेवा. आकड्यांची ठेवण आणि अंतरं त्यात फोटोपेक्षा चांगली कळतात.

जे दिसतं तेच उतरवा. वाचता न आलेल्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने भरलेला आकडा दोन महिन्यांनी आपल्यालाच खरा वाटू लागतो.

लाकूड काढून आतल्या खुणा बघण्याचा मोह होईल. सुरुवातीला तो आवरा. ब्रिटिश शॉर्ट ली-एनफिल्डमध्ये खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या आत तो जखडून ठेवणारा एक लांब स्क्रू असतो (काडतुसामागचा बोल्ट वेगळा), त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या भागात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता तो स्क्रू फिरवला की शंभर वर्षांचं लाकूड चिरतं. अशी चिरलेली लाकडं पाहिली की फार वाईट वाटतं, कारण ती लढाईत टिकून नंतर घरच्या टेबलावर फुटलेली असतात.

यातला खरा नंबर कोणता?

जुन्या रायफलीवर आकड्यांची गर्दी असते. साल, मॉडेल, तपासनिसाचे शिक्के, भागाचा आराखडा क्रमांक, तुकडीतला क्रमांक आणि या सगळ्यात सिरियल नंबर. नंबर म्हणून सगळ्यात जास्त फसवते ती दस्त्यावरची खूण. ब्रिटिश रायफलींच्या दस्त्यात पितळी चकती बसवलेली असायची. तिच्यावर पलटणीचं संक्षिप्त नाव आणि शस्त्रागाराच्या रांगेतला क्रमांक कोरलेला असे. तो क्रमांक पलटणीने दिलेला, कारखान्याने नव्हे. इतिहासासाठी तो मोलाचा, पण सिरियल नंबराच्या यादीत तो शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

शॉर्ट ली-एनफिल्डवर सिरियल नंबर रिसीव्हरच्या, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य धातूच्या सांगाड्याच्या, पुढच्या कड्यावर उजवीकडे सापडतो. तोच नंबर बोल्टच्या दांड्याच्या मागे, नळीवर, मागच्या दर्शकाच्या (नेम धरायच्या साधनाच्या) पट्टीखाली आणि टोकाच्या टोपणावरही मारलेला असतो. नंतरच्या नंबर ४ मॉडेलवर तो दस्ता ज्यात बसतो त्या धातूच्या खोबणीच्या डाव्या बाजूला बघा. जर्मन ९८-के वर रिसीव्हरच्या डाव्या बाजूला अक्षरासह पूर्ण नंबर असतो, तर स्क्रूसारख्या बारीक भागांवर शेवटचे दोनच आकडे. सोव्हिएत मोसिन-नागांवर नळीच्या मुळाशी, बोल्टवर, मॅगझीनच्या तळपट्टीवर आणि दस्त्याच्या पोलादी टाचेवर. जपानी अरिसाकावर रिसीव्हरच्या डाव्या अंगाला.

अमेरिकी एम-१ गॅरंडचा नंबर रिसीव्हरच्या टाचेवर, मागच्या दर्शकाच्या पाठीमागे आहे आणि तो फक्त तिथेच आहे. बोल्टवर, नळीवर, चापाच्या सांगाड्यावर दिसतात ते आराखडा क्रमांक; त्या प्रकारच्या लाखो भागांवर तेच आकडे आहेत. "माझ्या गॅरंडचे नंबर जुळत नाहीत" ही काळजी म्हणूनच निराधार असते. जुळायला तिथे दुसरा नंबरच नाही.

कारखाना आणि साल

ली-एनफिल्डमध्ये हे काम सोपं. दस्त्याच्या खोबणीच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल असं वरून खाली लिहिलेलं असतं: एनफिल्ड, बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स), एलएसए (लंडन स्मॉल आर्म्स), ऑस्ट्रेलियातलं लिथगो, बंगालमधलं ईशापूर. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफलींवरचा मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि कारखान्याचं नाव 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी ईशापूर) असं येऊ लागलं. मार्क ३ मॉडेल १९०७ चं. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी काही भाग गाळून जे रूप आलं, त्याच्यापुढे तारका असते. ती तारका लक्षात न घेता नोंद केली तर मॉडेल चुकतं.

रुंद बाणाची सरकारी खूण ब्रिटिशांची. तोच बाण 'सी' अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, 'यू'च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका, 'आय'सोबत असेल तर भारत. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर रायफल सरकारी सेवेतून विकून टाकली आहे.

नंबर ४ मॉडेलमध्ये नंबरच बोलतो. मधे 'एल' असेल तर कॅनडातलं लाँग ब्रँच. मधे 'सी' असेल तर अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीचा चिकोपी फॉल्सचा कारखाना. या सॅव्हेज रायफलींवर 'यूएस प्रॉपर्टी' असाही ठसा आहे आणि तो पाहून लोक तिला अमेरिकी सैन्याची समजतात. प्रत्यक्षात ती लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धकाळातल्या मित्रदेश-मदत योजनेत ब्रिटनसाठी बनली. बीएसएच्या युद्धकाळातल्या रायफलींवर नाव न घालता 'एम ४७' हा सांकेतिक शिक्का असे.

जर्मनांनी संकेत आणखी गुंतागुंतीचे केले. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा संकेत आधी 'एस/४२', मग नुसता '४२', मग 'बीवायएफ' आणि शेवटी १९४५ मध्ये 'एसव्हीडब्ल्यू'. '४२' पाहून १९४२ साल लिहिणारे पुष्कळ भेटतात. साल वेगळं, संकेताखाली किंवा चेंबरच्या वरच्या बाजूला असतं. १९३४ साठी तिथे 'के' आणि १९३५ साठी 'जी' हे अक्षर आहे, त्यानंतर मात्र आकडे. 'सीई' म्हणजे झूल गावचे जे. पी. झाउअर, 'बीसीडी' म्हणजे वायमारचं गुस्टलोफ, 'बीएनझेड' म्हणजे ऑस्ट्रियातलं श्टायर, 'डीओटी' म्हणजे चेक ब्रनो.

गॅरंड स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि विंचेस्टर यांनी महायुद्धात, तर इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन यांनी १९५० च्या दशकात बनवली. रिसीव्हरवर साल नसतं. नळीवर महिना आणि वर्ष असतं, पण बोल्ट मागे ओढल्याशिवाय दिसत नाही, आणि नळी बदललेली असेल तर ते रिसीव्हरपेक्षा बरंच पुढचं निघतं. रिसीव्हरचं वर्ष नंबरांच्या छापील तक्त्यावरूनच काढायचं.

परकी अक्षरं

रशियन शिक्के वाचताना डोळा फसतो, कारण ओळखीची दिसणारी अक्षरं ओळखीची नसतात. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'बी'सारखं ते 'व', 'एच'सारखं ते 'न' आणि 'सी'सारखं ते 'स'. ती इंग्रजीत उतरवली की शोध तिथेच चुकला. सालापुढे एक छोटं 'ग'साठीचं अक्षर असतं, ते 'वर्ष' या शब्दाचं आद्याक्षर आहे. नंबराचा भाग धरू नका. बाण असलेला तारा रशियातल्या 'तुला' या गावच्या कारखान्याचा, त्रिकोणात बाण इझेव्हस्क गावच्या कारखान्याचा. चौकटीत 'एसए' दिसलं तर ती रायफल कधीतरी फिनलंडच्या सैन्याकडे होती. फिन्निश रायफल असेल तर जाणकाराकडून रिसीव्हरच्या शेपटीचा खालचा भाग बघून घ्या. नळीवर १९४२ आणि शेपटीखाली अठराशे नव्वदीतलं साल, असं तिथे खरोखर सापडतं. जुने झारकालीन रिसीव्हर फिन्निश कारखान्यांनी नव्या नळ्यांना जोडले होते.

जपानी नंबराच्या डावीकडे वर्तुळात एक छोटं अक्षर असतं. ते मालिकेचं अक्षर. या मालिका आजच्या जपानी वर्णक्रमाने जात नाहीत, तर 'इ, रो, हा, नि, हो' या जुन्या क्रमाने जातात. हा क्रम एका प्राचीन कवितेतून आला आहे, जिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येतं. प्रत्येक मालिका ९९,९९९ पर्यंत. नंबराच्या उजवीकडे शस्त्रागाराची खूण. आणि 'टाइप ९९' मधला ९९ हा बनावटीचा आकडा नाही, जपानी कालगणनेतल्या २५९९ या वर्षाचा म्हणजे १९३९ चा आहे. टाइप ३८ मधला ३८ हा मेइजी राजवटीच्या अडतिसाव्या वर्षाचा, म्हणजे १९०५ चा. रिसीव्हरवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल ही सम्राटाची खूण. ती बऱ्याच रायफलींवर घासलेली दिसते. शरणागतीच्या काळात असं घासण्याची पद्धत होती, त्यामुळे तेवढ्यावरून संशय घेऊ नका.

जुळणारे नंबर आणि जुळवलेले नंबर

आता नोंदवहीत सगळ्या भागांवरचे नंबर एकाखाली एक लिहा. सगळे एकच निघाले तर लगेच हुरळून जायचं नाही.

सोव्हिएत शस्त्रागारांनी युद्धानंतर लाखो रायफली उघडून, धुऊन, दुरुस्त करून पुन्हा जोडल्या. हाताला येईल तो बोल्ट बसवला, त्याच्यावरचा जुना नंबर आडव्या रेघेने खोडला किंवा घासला आणि नवा मारला. अशा रायफलीवर नंबर जुळतात, पण ते जन्मापासूनचे जुळे नाहीत. ओळखायचं कसं? आकड्यांची ठेवण बघा. नळीवरचा ४ उघडा आणि बोल्टवरचा ४ बंद असेल, उंची वेगळी असेल, तर ठसे वेगवेगळ्या ठिकाणी मारले आहेत. तिरपी रेघ असलेला चौकोन ही दुरुस्तीची खूण. पकडलेल्या जर्मन ९८-के सुद्धा याच वाटेने गेल्या. त्यांच्या बोल्टवर विजेच्या लेखणीने कोरलेले खरबरीत नंबर आणि रिसीव्हरच्या बाजूला 'एक्स' ठसा दिसतो.

ब्रिटिशांची खूण 'एफटीआर', म्हणजे कारखान्यात पूर्ण दुरुस्ती. शेजारी बहुधा सालही असतं. 'डीपी' दिसलं तर ती कवायतीसाठी ठरवलेली रायफल आहे, झाडायची नाही, मग नंबर कितीही जुळोत.

दुरुस्त रायफल कमी दर्जाची, असं मी मानत नाही. खोडलेला नंबर हाही तिच्या इतिहासाचा भाग आहे. फक्त विकणाऱ्याने "सगळे नंबर मूळचे" म्हटलं, तर हे सगळं तपासल्याशिवाय मान डोलावू नका.

जिथे नंबर जिवाशी खेळतो

अमेरिकी एम १९०३ स्प्रिंगफील्डच्या बाबतीत नंबर वाचणं ही सुरक्षेची बाब आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात या रायफलींचे काही रिसीव्हर झाडताना फुटले. चौकशीत कळलं की घडाईच्या भट्टीवरचे अनुभवी कारागीर पोलादाचं तापमान त्याच्या रंगावरून डोळ्यांनी ठरवत होते. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेला तुकडा ढगाळ दिवसापेक्षा फिका दिसतो, म्हणून ते तो आणखी तापवायचे. फरक ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जात होता. पोलाद जळून ठिसूळ व्हायचं आणि बाहेरून काहीच दिसायचं नाही. १९१८ मध्ये भट्टीवर तापमापक आले आणि उष्णतेची प्रक्रियाही बदलली.

म्हणून नियम असा: स्प्रिंगफील्ड आर्मरीचा नंबर ८,००,००० च्या खाली असेल, किंवा हीच रायफल बनवणाऱ्या रॉक आयलंड या दुसऱ्या शस्त्रागाराचा २,८५,५०७ च्या खाली असेल, तर ती रायफल झाडायची नाही. त्यातले सगळे रिसीव्हर खराब नाहीत, पण कोणता खराब आहे हे न मोडता खात्रीने सांगायची सोय नाही. इथेही नंबरासोबत कारखाना हवाच: ३,००,००० हा आकडा रॉक आयलंडवर सीमेच्या वर आहे आणि स्प्रिंगफील्डवर खाली.

नोंदी कुठवर नेतात

आता कुठे तक्ते आणि कागदपत्रांची पाळी. कारखाना, साल, अक्षर हाताशी असलं की छापील तक्त्यांवरून उत्पादनाचा काळ ठरवता येतो. काही देशांत तो फक्त वर्षापर्यंत येतो, काही ठिकाणी महिन्यापर्यंत.

त्यापुढचा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो: ही कुणाच्या हातात होती? याचं उत्तर बहुतेक रायफलींबाबत मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शस्त्र विभागाचे कागद आहेत आणि त्यांतून काही नंबर कुठल्या तुकडीला गेले ते सापडतं, पण ते काहीच नंबर. तुमचा नंबर यादीतल्या एखाद्या नंबराच्या जवळ आहे, यावरून तुमची रायफलही त्याच तुकडीत होती असं सिद्ध होत नाही. पेटीतल्या शेजारच्या दोन रायफली वेगळ्या खंडांत गेलेल्या असू शकतात.

नंबरावरून माणसापर्यंत पोचण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९६३ चं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर डॅलसच्या इमारतीत इटालियन कारकानो रायफल सापडली. नंबर सी २७६६, तेर्नी कारखाना, साल १९४०. तपास यंत्रणेने आयात करणाऱ्यापासून न्यूयॉर्कच्या घाऊक विक्रेत्यापर्यंत आणि तिथून शिकागोच्या क्लाइन्स या टपालाने माल विकणाऱ्या दुकानापर्यंत माग काढला. दुकानाचे मायक्रोफिल्म रात्रभर चाळून हत्येचा आरोप असलेल्या ली हार्वी ओस्वाल्डने हिडेल या खोट्या नावाने दिलेली ऑर्डर मिळाली. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की माग लागला तो दुकानदारीच्या कागदांमुळे. १९४० ते युद्धाच्या शेवटापर्यंत ती कुठल्या इटालियन सैनिकाकडे होती, हे नंबर सांगत नाही. इटलीत अनेक कारखाने होते आणि तोच नंबर दुसऱ्या कारखान्याच्या रायफलीवरही असू शकतो, म्हणून तपासात नंबराइतकंच 'तेर्नी' आणि '१९४०' हे शिक्केही मोलाचे होते.

कधीकधी माणूस अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटतो. स्विस के-३१ च्या दस्त्याची टाच उघडली की आत घडी घातलेली चिठ्ठी सापडू शकते, त्या सैनिकाच्या नाव-पत्त्याची. मिळाली तर काढून टाकू नका. फोटो घ्या, पुन्हा तशीच ठेवा आणि कुणी हयात असेल या जाणिवेने ते नाव चारचौघांत मिरवू नका.

चोरीचा संशय असेल तर तो माग पोलिसांचा. इंटरपोलकडे हरवलेल्या आणि चोरलेल्या शस्त्रांच्या नोंदींसाठी 'आयआर्म्स' नावाची यंत्रणा आहे, पण ती पोलिसांमार्फतच वापरता येते. विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या परवान्यावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर शेजारी ठेवून एकेक आकडा स्वतः पडताळा. अक्षर गाळलेलं असेल तर व्यवहाराआधीच दुरुस्त करून घ्या.

नोंद लिहिताना

एका रायफलीला एक पान द्या. उदाहरणादाखल एक नोंद अशी दिसेल: "माउझर ९८-के. चेंबरवर बीवायएफ, ४३. रिसीव्हर डावी बाजू ४५६७ सी. नळी ४५६७ सी. बोल्ट ८१२?, विजेच्या लेखणीने, शेवटचा आकडा पुसट. तळपट्टी ४५६७, ठशाची ठेवण रिसीव्हरपेक्षा वेगळी. रिसीव्हरवर एक्स. दस्त्यावर नंबर दिसत नाही." त्याखाली वेगळ्या शाईने तुमचा अर्थ: "ओबर्नडॉर्फ, १९४३, पकडली गेल्यावर सोव्हिएत दुरुस्ती, बोल्ट मूळचा नाही." पाहिलेलं आणि अनुमान एकाच वाक्यात मिसळू नका, म्हणजे उद्या अधिक जाणकार माणूस आला तर तो तुमचं अनुमान खोडेल आणि निरीक्षण तसंच वापरेल. पानासोबत फोटो, पेन्सिलीचा कागदी छाप आणि तारीख ठेवा. पान रायफलीजवळ न ठेवता दुसरीकडे ठेवा, कारण रायफल चोरीला गेली तर सगळ्यात आधी याच पानाची गरज लागते.